दाक्षायणीला उचलू नका

आमच्या सोलापुरात मानाला तोटा नाही. कुणाला गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच, जड काठी पेलण्याचा मान, कुणाला मंडळाच्या आरतीचा मान, कुणाला नुसताच फ्लेक्सच्या कोपऱ्यात हात जोडून उभं राहण्याचा मान. बाळीवेशीतल्या वीरभद्रप्पाला थोरल्या बहिणीला उचलण्याचा मान होता. तो त्यानं स्वतःच स्वतःला दिला होता, आणि बहिणीला त्याबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

बहीण म्हणजे दाक्षायणी, माझी मैत्रीण. विमा कचेरीत आम्ही शेजारशेजारच्या टेबलांवर अख्खी नोकरी काढली. तिला लहानपणी पोलिओ झालेला. कुबड्यांवर तिनं निम्मं आयुष्य रेटलं आणि शेवटी खांदे बोलायला लागले तेव्हा व्हीलचेअर घेतली. कचेरीत रॅम्प होता, त्यामुळे तिथं ती साहेबांच्याही आधी मीटिंगला हजर असायची आणि चहा सांडणाऱ्या शिपायापासून चुकीची सही करणाऱ्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांना झापून यायची. घरी मात्र दगडी पायऱ्या, आणि पायऱ्यांना लागून दगडी कट्टा.

सगळं घोडं या कट्ट्यावर अडलं होतं. वीरभद्रप्पाचं चाटी गल्लीत चादरी-टॉवेलचं दुकान. दुकान बंद करून आला की तो मित्रमंडळींना घेऊन कट्ट्यावर बसायचा आणि दिल्लीपासून महापालिकेपर्यंत सगळ्यांचा कारभार सुधारून मगच जेवायला उठायचा. रॅम्प करायचा तर अर्धा कट्टा फोडावा लागणार. दाक्षायणीनं विषय काढला की त्याचं उत्तर ठरलेलं, "अक्का, आमी हाय की उचलायला." वर हे हात नंदीध्वज पेललेले आहेत, याची आठवण. पेलला होता कधीतरी तरुणपणी, एक वर्ष. ते वर्ष काही त्याच्या डोक्यातून उतरलं नाही.

नोकरी होती तोवर सकाळी वीरभद्रप्पा आणि त्याचा मुलगा गुरु तिला खुर्चीसकट खाली आणायचे, संध्याकाळी वर न्यायचे. गुरु आता तिशीतला बाप्या, पण आत्याला उचलताना एका हातात मोबाईल असायचाच. रिटायर झाल्यावर तेही थांबलं. आता कुटं जायचंय तुला, असं घरातले प्रेमानं विचारायचे. कुठंही जायचं तर आधी दोन पुरुष मोकळे पाहिजेत. माझ्या लेकराच्या, बुद्धप्रियाच्या लग्नाला दाक्षायणी नवी इरकल नेसून सकाळपासून दिवाणखान्यात बसून होती. बापलेक दोघंही अक्कलकोटला कुणाच्या तरी वास्तुशांतीला गेलेले. तिनं फुलं टाकल्यासारखं फोनवरूनच केलं आणि मी फोनवर हसले. त्या दिवसाचा राग माझ्या मनात अजून आहे, तो मी कशाला लपवू?

आणि एक सांगून टाकते. आम्ही बुधवार पेठेतले बौद्ध. दाक्षायणीच्या घरी मी गेले की भुवनेश्वरी, म्हणजे वीरभद्रप्पाची बायको, तोंडभरून स्वागत करायची आणि सगळ्यांना स्टीलच्या पेल्यातून, मला कागदी कपातून चहा द्यायची. करोनापासून सवय लागली म्हणायची. करोना फक्त माझ्यापुरता अजून संपलेला नव्हता. तिचा नवरा दर बसवजयंतीला स्टेजवरून समतेवर बोलतो. चांगलं बोलतो, मी ऐकलंय.

तर अशा या घरात दाक्षायणीनं मोबाईलवर क्रूझचा व्हिडिओ बघितला. एक बाई बॅटरीवरच्या चारचाकी स्कूटरवर बसून जहाजभर हिंडत होती. लिफ्टमध्ये शिरत होती, डेकवर जात होती, जेवायला जात होती. दाक्षायणीनं तो व्हिडिओ मला इतक्या वेळा पाठवला की मी वैतागले. मग तिनं तसली स्कूटर मागवली. ती वर आणायलाही बापलेकांनी उचललीच. दाक्षायणीनं जेवणाच्या टेबलाभोवती प्रॅक्टिस केली, फ्रिजला पोचा पाडला, आणि एका रविवारी जाहीर केलं की मी क्रूझला जाणार, राजश्रीला, म्हणजे मला, घेऊन.

घरात गहजब झाला. समुद्रात? दोघी बायका? आणि उचलणार कोण? शेवटी एकटीनं हिंडता यावं म्हणून दाक्षायणीला अख्खं घर बरोबर घ्यावं लागलं. खर्च तिचा. वीरभद्रप्पा मात्र चाटी गल्लीत दुकानादुकानात सांगत सुटला की अक्काला समुद्र दाखवायला नेतोय. केबिनचं ठरवताना दाक्षायणीबरोबर झोपायला घरातलं कुणी तयार नव्हतं, रात्री उठावं लागतं म्हणे. म्हणून तिच्या केबिनमध्ये मी.

मुंबईच्या बंदरावर ही लांबलचक रांग. तिथं एका मुलीनं सांगितलं की व्हीलचेअर, स्कूटरवाले प्रवासी आणि त्यांना मदत करणारे पुढे या. हे ऐकताच आमच्या मंडळींना जी माया दाटून आली ती काय सांगू. वीरभद्रप्पानं हँडलला हात लावला, गुरुनं सीटला, भुवनेश्वरीनं मागच्या पिशवीला. बॅटरीवर आपोआप चालणारी गाडी तिघं मिळून ढकलत होते. दाक्षायणीनं ब्रेक लावला तरी ढकलत होते.

पुढं तपासणीला एक बाई होती, बोलण्यावरून आपल्याकडचीच. तिनं नम्रपणे सांगितलं की जरा उठवा यांना, सीट बघायची आहे. आता गंमत अशी की जहाजावर घरचं खायचं न्यायला बंदी, आणि भुवनेश्वरीला भाकरीशिवाय समुद्र ही कल्पनाच सोसवेना. तिनं दाक्षायणीच्या गादीखाली फडक्यात बांधून कडक भाकऱ्या आणि शेंगा चटणीच्या पुड्या दडवल्या होत्या. जन्मभर बहिणीला उचलणारे हात एकदम खिशात गेले. वीरभद्रप्पा म्हणाला की पेशंटला हलवायला डॉक्टरांची सक्त मनाई आहे. दाक्षायणीला भाकऱ्या टोचत होत्या. ती शांतपणे म्हणाली, "उचल की. रोज उचलतोस."

कुणी हलेना. बाईनं स्वतःच गादीखाली हात घातला आणि एक भाकरी बाहेर काढून टेबलावर आपटून बघितली. टक् असा आवाज आला. हे काय आहे, तिनं विचारलं. सीटला आधार, वीरभद्रप्पा म्हणाला. बाई हसली नाही हे तिचं शिक्षण. भाकऱ्या गेल्या, चटणी गेली, आणि भुवनेश्वरी गोवा येईपर्यंत त्या बाईच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती.

केबिनचं दार उघडलं आणि मायेला दुसरा पाझर फुटला. स्कूटर वळावी म्हणून दाक्षायणीची केबिन चांगली ऐसपैस, त्यात बाल्कनी. बाकीच्यांच्या केबिनी म्हणजे माळ्यावरच्या खोल्या, खिडकीसुद्धा नाही. रात्री उठावं लागतं म्हणून जी माणसं तिच्याजवळ झोपायला तयार नव्हती, ती आता सकाळी डोळे चोळत तिच्याकडं यायची ती झोपायलाच परत जायची. बाथरूममध्ये तिला धरून सरकता यावं म्हणून भिंतीला दांड्या होत्या. त्यांवर वीरभद्रप्पाचं बनियन, पंचा आणि गुरुची हाफ पँट वाळत पडली. अंघोळीला बसायच्या घडीच्या खुर्चीवर भुवनेश्वरीनं साबण, तेल, शिकेकाई असं दुकान मांडलं. दुसऱ्या दिवशी मी ते सगळं उचलून बाहेरच्या गालिच्यावर ठेवलं. भुवनेश्वरी दिवसभर माझ्याशी बोलली नाही. मला तेवढीच विश्रांती मिळाली.

जहाज मात्र व्हिडिओसारखं निघालं, जवळजवळ. लिफ्टचा प्रश्न होता. धडधाकट माणसं एका मजल्यासाठी लिफ्ट भरून टाकायची आणि दाक्षायणीकडं बघून दुःखी चेहरा करायची, पण उतरायची नाहीत. एका बाईनं तिच्या डोक्यावरून मला विचारलं की यांना काय झालंय. दाक्षायणी खालून म्हणाली, रिटायरमेंट. पण दारं रुंद होती, डेकच्या उंबऱ्यांना उतार होते, टेबलं तिला बसतील अशी होती. अडचण एकच, चहूबाजूंनी घरचे. ती वळली की गुरु हँडल धरायचा, ती थांबली की भुवनेश्वरी पाणी पाजायची, आणि वीरभद्रप्पा समोर सपाट जमीन असतानाही मनगटं चोळत उभा राहायचा.

मग एक बेट आलं. जहाज लांब थांबलं आणि लोकांना छोट्या बोटींतून नेणार होते. स्कूटर, व्हीलचेअर नेता येणार नाही, लाटांमुळे बोट वरखाली होते, असं कर्मचाऱ्यानं सांगितलं. वीरभद्रप्पानं लगेच बाह्या सरसावल्या. उचलून ठेवतो की, म्हणाला. कर्मचारी नाही म्हणाला. यानं नंदीध्वजाचं सांगितलं, मोडक्या हिंदीत. तो पुन्हा नाही म्हणाला. एवढ्या वर्षांत त्याच्या उचलण्याला कुणीतरी पहिल्यांदाच नाही म्हटलं होतं. बिचारी अक्का, बिचारी अक्का करत मंडळी बोटीत बसली आणि सेल्फी काढत निघून गेली.

मी अर्थातच राहिले. दाक्षायणी माझ्याकडं वळली. "राजश्री, तू बी जा कुटं तरी. मला एकटीनं हिंडायचंय."

मला लागलं. तिच्यासाठी मी बनियनं फेकली, भुवनेश्वरीशी भांडले, आणि मलाही तिनं त्यांच्याच रांगेत बसवलं. मी फणकाऱ्यानं वरच्या डेकवर जाऊन बसले. तिथून खालचा डेक दिसत होता.

दाक्षायणी आली. कठड्याशी थांबली, निघाली, पुन्हा थांबली. लिफ्टमध्ये गेली, वरच्या मजल्यावर उगवली, मला बघून न बघितल्यासारखं केलं आणि परत खाली गेली. भिंतीवरची चित्रं बघितली. रिकाम्या नाचाच्या हॉलमध्ये जाऊन एक गोल चक्कर मारून आली. आईस्क्रीम घेतलं, आवडलं नाही म्हणून ठेवून दिलं, दुसरं घेतलं. तिला कुठंही जायचं नव्हतं. तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं, आणि कुणीही मोकळं आहे का हे विचारलं नव्हतं. माझा राग कुठं गेला कळलं नाही. मी तिथं बसून चक्क रडले आणि शेजारच्या गुजराती बाईला सांगितलं की समुद्राचं वारं लागलं.

संध्याकाळी मंडळी आली आणि सगळ्याचा विचका झाला. डेकवर छोटं स्टेज बांधून फोटोचा कार्यक्रम होता. आमची वाट बघत सगळे उभे होते. दाक्षायणी स्टेजच्या कडेला वळत होती, तेवढ्यात बापलेकांनी तिला स्कूटरवरून अलगद उचललं. एकानं पाठीखाली हात घातला, दुसऱ्यानं गुडघ्यांखाली. तिची साडी पोटरीपर्यंत वर गेली. "खाली ठेव, वीरभद्र," ती म्हणाली. त्याला वाटलं ती लाजतेय. त्यानं आणखी उंच उचललं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणी शिट्टी मारली, कुणी डोळे पुसले, सगळ्यांनी मोबाईल काढले. स्टेजच्या बाजूला रॅम्प होता. दाक्षायणी त्याच रॅम्पकडं वळत होती.

केबिनमध्ये आल्यावर ती बराच वेळ साडी सारखी करत राहिली. मग म्हणाली, "दिवसभर फिरले ते कुणी बघितलं न्हाय. उचललं तेवढं सगळ्यांनी बघितलं."

मी म्हटलं की सोलापूरला गेल्यावर रॅम्पचं बोलू. ती म्हणाली की बोलून झालंय.

आम्ही सोलापूरला पोचायच्या आधी तो व्हिडिओ पोचला होता. भावाचं प्रेम बघा, डोळ्यांत पाणी येईल, असं खाली लिहून तो बाळीवेस, चाटी गल्ली, होटगी, बार्शी असा फिरून वीरभद्रप्पाच्या मोबाईलवर परत आला. त्यानं तो स्वतःच पुन्हा सगळ्यांना पाठवला. गल्लीतल्या मंडळानं सत्कार ठेवला, कुठं, तर त्याच कट्ट्यावर. भगिनीप्रेमाचा आदर्श असा फ्लेक्स. त्यावर वीरभद्रप्पा एवढा मोठा, मंडळाचे अध्यक्ष, उपाध्यक्ष, कार्याध्यक्ष, वाढदिवस असलेला एक नगरसेवक, आणि डाव्या कोपऱ्यात स्कूटरचं एक चाक. दाक्षायणी कापली गेली होती.

स्टेशनवरून आलो तेव्हा गल्ली भरलेली. शाल तयार, नारळ तयार, फेटा बांधणारा तयार. दाक्षायणी गाडीतून उतरून स्कूटरवर बसली. लोकांनी वाट करून दिली, थेट पायऱ्यांपर्यंत. मोबाईल वर गेले. अध्यक्ष माईकवरून म्हणाले की आता तो क्षण आपण प्रत्यक्ष बघणार आहोत. वीरभद्रप्पानं शर्टाच्या बाह्या गुंडाळल्या आणि वाकला.

"हात लावू नको," दाक्षायणी म्हणाली. "मला उचलू नका. कट्टा फोडा."

माईक चालू होता, त्यामुळे गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. कुणीतरी हसलं. वीरभद्रप्पा घरातल्या कन्नडमध्ये हळूच म्हणाला, याक अक्का, का गं असं, लोक बघतायत. लोक बघतायत म्हणूनच सांगतेय, ती म्हणाली. मग तिनं स्कूटर मागं घेतली, वळवली आणि मला विचारलं की तुझ्या घराला पायरी हाय का.

नव्हती. एके काळी होती. पण महापालिका दर निवडणुकीला जुन्या रस्त्यावरच नवा रस्ता ओतत गेली आणि आमची पायरी त्यात गाडली गेली. पाऊस पडला की गल्लीतलं पाणी न विचारता घरात येतं. महापालिकेच्या कारभाराचा कुणाला तरी उपयोग झालेला मी पहिल्यांदाच बघत होते. दाक्षायणी बाळीवेशीतून निघाली, रिक्षावाल्यांच्या शिव्या खात, म्हशींना हॉर्न देत, आणि मी मागून धापा टाकत. सत्काराला आलेले काही जण कोपऱ्यापर्यंत आले आणि तिथून परत फिरले. नारळ फुटायचा राहिला होता.

आमच्याकडं बाथरूमच्या दारातून स्कूटर जाईना. मी सुताराला बोलावून दार काढलं आणि पडदा लावला. दाक्षायणी सकाळी उठून एकटी कोपऱ्यावर जाऊन दूध आणायला लागली. गल्लीतल्या बायकांशी तिची माझ्यापेक्षा जास्त ओळख झाली. मी करायची ते ती खायची, आणि भाजीत मीठ कमी असलं तर सांगायची.

पहिले काही दिवस बाळीवेशीतून कुणी फिरकलं नाही. राग आलाय, उतरेल, असं वीरभद्रप्पा म्हणत होता म्हणे. बहीण वर्षानुवर्षं पायऱ्यांच्या वर अडकून होती तेव्हा लोकांनी त्याला आदर्श भाऊ म्हटलं होतं, त्यामुळे घाई कसली? मग कट्ट्यावरच्या गप्पांत दुसरा प्रश्न निघाला. अक्का राहतात कुटं? जेवतात कुणाकडं? आठवड्यात हा प्रश्न चाटी गल्लीत दुकानात पोचला, भुवनेश्वरीच्या माहेरी पोचला, गुरुला मुली बघत होते तिथंही पोचला. जे काम रॅम्प मागून झालं नव्हतं, कचेरीत यायच्या त्या अपंगांच्या सोयींवरच्या सरकारी पत्रकांनी झालं नव्हतं, समुद्रावर जाऊन झालं नव्हतं, ते माझ्या हातच्या आमटीनं केलं. मुलीवाल्यांकडं प्रश्न पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाळीवेशीत गवंडी आला. नुसता अर्धा नाही, सबंध कट्टा फोडला. मला आनंद झाला आणि घास कडूही लागला. दोन्ही एकदमच झालं.

रॅम्प वाळल्यावर वीरभद्रप्पा तिला न्यायला आला. इतक्या वर्षांत तो आमच्या गल्लीच्या तोंडाच्या पुढं आलेला नव्हता. लग्नाच्या पत्रिकासुद्धा तिथंच उभं राहून द्यायचा. आता दारात येऊन थांबला. आतूनच दाक्षायणीनं त्याला बस म्हटलं, आणि चहा टाकते असं मी म्हटलं. त्याला घाई आहे, दुकान उघडायचंय, बाहेर रिक्षा थांबलीय, असं तो सांगत होता. पुढं यायचं नाव नाही. एक पाऊल रस्त्यावर, एक हात चौकटीला, आणि नजर कुठंच नाही. आणि आमच्या दाराला तर पायरीसुद्धा नव्हती.

दाक्षायणीनं स्कूटर दारापर्यंत आणली. त्याच्याकडं बघत राहिली. तिच्या आवाजात राग नव्हता.

"ये की आत, वीरभद्र. जमत नसंल तर सांग. मी आन् राजश्री मिळून उचलून घेतो तुला."

गल्लीतल्या बायका आपापल्या दारांत आल्या होत्या. वीरभद्रप्पानं एकदा रिक्षाकडं बघितलं, मग खाली बघितलं, आणि चपला काढल्या.